व्यसन सोडणाऱ्याला वर्षाची शपथ घालू नका

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या आम्हा मंडळींचे फोन वाजायला लागतात. पलीकडे बहुतेकदा बायको असते, नाहीतर आई किंवा धाकटी बहीण. एका घरातून विचारणा होते, "एक तारखेपासून सोडतो म्हणालेत, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय. मग आता ॲडमिट कशाला करायचं?" दुसऱ्या घरात दारू सुटून पाच-सहा महिने झालेले असतात. तिथली माणसं म्हणतात, "नवीन वर्षात त्यांनी काय काय करायचं ते जरा तुम्हीच समजावून सांगा. आमचं ऐकत नाहीत."

पहिल्या घराला संकल्प पुरेसा वाटतो, दुसऱ्याला आणखी मोठा संकल्प हवा असतो. दोन्ही घरांना मी एकच सांगत आले आहे: त्याच्याकडून वर्षाची शपथ घेऊ नका. ध्येय जरूर ठरवू द्या, पण ते त्याच्या हातातलं आणि आठवड्यात मावेल एवढंच असू द्या, आणि त्यात घराचाही वाटा ठेवा. हे ऐकून लोक हिरमुसतात. इतक्या वर्षांत शपथ ही एकच गोष्ट त्यांच्या पदरात पडलेली असते, आणि तीही मी काढून घेते आहे असं त्यांना वाटतं. त्यांचं दुःख मला समजतं, पण माझं मत बदलत नाही. ते का, हे सविस्तर सांगायला हवं.

आधी डॉक्टरी भाग, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. सकाळी हात थरथरतात म्हणून जो माणूस तोंड धुवायच्या आधी क्वार्टर उघडतो, त्याच्या शरीराने दारू गृहीत धरलेली असते. त्याने ३१ तारखेला रात्री "ही शेवटची" म्हणून भरपूर घेतली आणि १ जानेवारीला एकदम बंद केली, तर काही तासांतच थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या आत काहींना भास व्हायला लागतात. अंथरुणावर किडे फिरताना दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हेही कळेनासं होतं. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. घरच्यांना मात्र तो नाटक करतोय असं वाटतं, किंवा बाहेरचं काहीतरी लागलंय असं. शेवटी घाबरून कुणीतरी त्याला थोडी पाजतं, तो शांत होतो, आणि तीन तारखेला घराचा निकाल लागलेला असतो: याच्यात जिद्दच नाही.

जिद्दीचा इथे काही संबंधच नव्हता. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या हव्या होत्या, थायमिनची म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं हवी होती, चार-पाच रात्री उशाशी कुणीतरी हवं होतं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने नव्या वर्षासाठी काही ठरवायचंच असेल तर ३१ तारखेच्या आधी मानसोपचार तज्ज्ञाची किंवा सरकारी रुग्णालयाची पायरी चढायचं ठरवावं. बंद करायचं कसं, ते तिथे ठरेल.

याच दिवसांत आणखी एक प्रकार घडतो, आणि त्याबद्दल मला फार काळजी वाटते. कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून बायको किंवा आई डायसल्फिरामची गोळी कुटून त्याच्या नकळत भाजीत घालते. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, श्वास कोंडतो, उलट्या होतात, रक्तदाब एकदम घसरतो. हृदय कमजोर असेल तर प्राणावर बेततं. डॉक्टरांनी तपासून, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने दिली तर हीच गोळी उपयोगी पडते. चोरून दिली तर धोका आहेच, शिवाय ज्या दिवशी त्याला कळतं त्या दिवसापासून तो घरच्या ताटावरही विश्वास ठेवत नाही.

आता शपथेकडे येते. आपल्याकडे सोडण्याचं एक वार्षिक वेळापत्रकच आहे. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला गटारी करायची आणि श्रावण पाळायचा. गणपतीत घ्यायची नाही, नवरात्रात घ्यायची नाही. मग एकतीस डिसेंबर, मग पाडवा. "मी श्रावणात थेंब घेत नाही, मला व्यसन नाही" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा समुपदेशक महाराष्ट्रात सापडणार नाही. महिनाभर न पिणं हा त्या माणसाचा खोटेपणा नसतो, तो खरोखर पीत नाही. पण शेवटची तारीख ठाऊक असलेला उपास म्हणजे व्यसनमुक्ती नाही. त्या महिन्यात त्याच्या दिवसात, सोबतीत, झोपेत, पैशांच्या व्यवहारात काहीच बदललेलं नसतं. तो फक्त वाट पाहत असतो.

यावर कुणी विचारेल, मग माळेचं काय? गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली अशी माणसं गावोगाव आहेत. आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण माळ टिकते कशामुळे, ते जवळून पाहिलं पाहिजे. माळ घातलेल्या माणसाची संध्याकाळ हरिपाठात जाते. पंधरवड्याला एकादशी येते. आषाढ जवळ आला की दिंडीची तयारी, कोण कोण येणार, सामान कुणाच्या टेम्पोत, ही चर्चा सुरू होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अख्ख्या गावाला तो माळकरी म्हणून माहीत होतो. लग्नाच्या वरातीत त्याच्यापुढे ग्लास धरताना इतरांनाच लाज वाटते. तो एकादशीला भजनाला आला नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारायला घरी येतं. शपथ एका क्षणाची असते. बाकीचं सगळं वर्षभर त्याच्याभोवती चालू राहतं, आणि त्याला सावरतं ते हे बाकीचं. ज्यांनी माळ घातली पण संध्याकाळी जुन्याच कट्ट्यावर बसत राहिले, त्यांची माळ खुंटीवर गेलेलीही आपण पाहिली आहे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात सुरू झाली. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन, दोघेही अट्टल पिणारे. त्यांचा आणि वारकऱ्यांचा काडीचा संबंध नाही, तरी ते त्याच जागी पोचले: नियमित मीटिंग, आपल्यासारख्याच माणसांची सोबत, आणि "फक्त आजचा दिवस". आज प्यायची नाही. उद्याचं उद्या. आपल्याकडेही एएच्या मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं न प्यायलेली माणसं आजही "आजच्या दिवसापुरता मी सोबर आहे" असं म्हणतात. बाहेरच्यांना ही पळवाट वाटते. मला ती फार प्रामाणिक वाटते. ज्याने बायकोला शंभर वेळा "यापुढे कधीच नाही" म्हटलंय, त्याच्या तोंडी "कधीच" शोभत नाही. "आज" शोभतो.

ध्येय हातातलं असावं म्हणजे काय, ते एका माणसाच्या कागदावरून सांगते. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औद्योगिक वसाहतीतला टर्नर, वय चाळिशीच्या आत, दारू सुटून पाच महिने झालेले. डिसेंबरात फॉलोअपला आला तेव्हा कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागच्या कोऱ्या जागेत बॉलपेनने लिहून आणलं होतं: दारू कायमची बंद, तंबाखू बंद, सगळं कर्ज फेडणे, बायको-मुलीला माहेराहून घरी आणणे, जिम, रोज पहाटे पाचला उठणे, गावच्या घराचा स्लॅब. अक्षर सुंदर होतं, प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ मारलेली. त्या नीटनेटकेपणातच त्याची घाई दिसत होती. दहा वर्षांत जे गेलं ते बारा महिन्यांत परत आणायचं होतं.

आम्ही एकेक ओळ घेतली. कर्ज किती? त्याला एकूण आकडा माहीत नव्हता. पतपेढीचे हप्ते, भिशीचे थकलेले पैसे, दोन मित्र, थोरला भाऊ. त्याने ही बेरीज कधी केलीच नव्हती, कारण ती करायला भीती वाटत होती. मग जानेवारीचं काम ठरलं: फक्त यादी करायची आणि प्रत्येकाला जाऊन भेटायचं किंवा फोन करायचा. फेडण्याचं नंतर. सात तारखेला पगार होतो, आणि आजवर प्रत्येक मोठं पिणं सात तारखेच्या संध्याकाळचं होतं. म्हणून एटीएम कार्ड बहिणीकडे ठेवायचं आणि सात तारखेला शिफ्ट सुटल्यावर थेट तिच्या घरी जेवायला जायचं. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते. तिथून रात्री आठपर्यंतचे तास त्याच्यासाठी वैऱ्याचे. पोट रिकामं, अंग थकलेलं, घर सुनं, आणि सुपरवायझरच्या बोलण्याचा राग डोक्यात. एएमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार धोके घोटून शिकवतात, आणि या गड्याच्या संध्याकाळी चारही एकदम हजर असत. गेटबाहेर पडण्याआधी कॅन्टीनमध्ये काहीतरी खाऊन घ्यायचं, देशीच्या दुकानावरून जाणारा रस्ता सोडून मागचा लांबचा रस्ता धरायचा, गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला मीटिंग चुकवायची नाही, हे ठरलं. जिम आम्ही काढून टाकली, चालणं ठेवलं.

बायकोला परत आणण्याची ओळ आली तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं की ही तुझ्या यादीत बसतच नाही. परत यायचं की नाही हे ती ठरवेल, तिला वाटेल तेव्हा. तुझ्या हातात एवढंच आहे की शनिवारी मुलीला क्लासला सोडायचं कबूल केलंस तर पाच वाजता म्हणजे पाच वाजता दारात उभं राहायचं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, हे एवढंसंच? यात संकल्प कुठाय?" लोकांना दाखवण्यासारखं त्यात खरंच काही नव्हतं. पण त्यातली प्रत्येक गोष्ट झाली की नाही हे रविवारी रात्री सांगता येत होतं, आणि एखादी राहिली तर पुढच्या आठवड्यात करता येत होती.

तंबाखूबद्दल मात्र मी त्याच्या बाजूने होते. आपल्या क्षेत्रात जुना सल्ला आहे की एका वेळी एकच सोडा, दारू सुटली ना, मग तंबाखू राहू द्या. मला तो पटत नाही. २००४ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, आणि व्यसनाच्या उपचारांबरोबर धूम्रपान सोडायलाही मदत मिळालेल्यांची दारू-ड्रग्जपासून दूर राहण्याची शक्यता घटलेली नव्हती, उलट वाढलेली दिसली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते. दारू सोडून सुखरूप बाहेर आलेला माणूस तोंडाच्या कॅन्सरने जावा, ही शक्यता आपण इतक्या सहज का स्वीकारतो? तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवावी, निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगमची मदत घ्यावी, पण यादीतून तंबाखू खोडू नये. जिथे खरोखर सावध राहायला हवं ती जागा वेगळी आहे: दारूच्या रिकाम्या झालेल्या तासांत मोबाईलवरचा जुगार हळूच येऊन बसतो, आणि घरचे "निदान घरात तर आहे" म्हणून खूश असतात.

शपथेच्या विरोधात माझं सगळ्यात मोठं कारण पुढे आहे. शपथ मोडली की काय करायचं, हे शपथेत लिहिलेलं नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय औषध गैरवापर संस्थेच्या आकडेवारीनुसार उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोकांचं व्यसन पुन्हा उलटतं, आणि दमा-रक्तदाबाच्या रुग्णांचं प्रमाणही जवळपास तसंच असतं. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला बेइमान म्हणत नाही. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली लोकांच्या नववर्ष संकल्पांवर शोधनिबंध लिहिला होता, आणि पुढे आयुष्यभर त्याने व्यसन का उलटतं याचा अभ्यास केला. त्याने दाखवून दिलं की "आता कधीच नाही" असं बांधून घेतलेल्या माणसाकडून एक घोट घेतला गेला की "संपलं सगळं, मी असाच" ही भावना उसळते, आणि एका ग्लासाची चार दिवसांची झोड होते. पहिल्या घोटापेक्षा ही लाज जास्त नुकसान करते. आपल्याकडे तर शपथ मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली असते. ती मोडल्यावर त्या मुलाला साधा ताप आला तरी बाप स्वतःला गुन्हेगार समजतो, आणि ते विसरायला पितो.

एए आपला स्थापना दिवस १० जून १९३५ मानते. डॉ. बॉब यांनी त्या दिवशी शेवटची दारू घेतली. त्याआधी ते काही आठवडे न पिता राहिले होते, मग डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि पुन्हा प्यायले. बिलने त्यांना हाकललं नाही. जगभर पसरलेली ही चळवळ एका स्लिपनंतरच्या, म्हणजे पाय घसरून पुन्हा पिणं झाल्यानंतरच्या, दिवसापासून स्वतःचं वय मोजते, हे मी नातेवाइकांच्या सभेत आवर्जून सांगते.

म्हणून नव्या वर्षाच्या कागदावर एक ओळ हवीच: घेतली गेली, तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा. नाव आणि नंबर. घरानेही आपली ओळ लिहावी: त्या दिवशी आरडाओरडा नाही, नातेवाइकांची पंचायत नाही, त्याला घेऊन डॉक्टरकडे किंवा केंद्रात जायचं. मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी बाईने आणि मुलांनी सुरक्षित जागी जावं. गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत ही ओळ आणखी तातडीची आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते गर्दच्या लाटेतच. काही महिने न घेतलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. लाजेपोटी एकट्याने, दार लावून घेतलेली ती मात्रा सगळ्यात घातक.

राहिला प्रश्न आपल्या सगळ्यांचा. एकतीस तारखेला चौकात उभं राहून "द दारूचा नाही, द दुधाचा" म्हणत दूध वाटणारे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे आणि इतर संघटनांचे कार्यकर्ते तरुण पोरांसाठी चांगलं काम करतात. पण नुकत्याच सोडलेल्या माणसाने त्या रात्री चौकात जाऊच नये. त्याच्यासाठी त्या रात्रीची मीटिंग, भावाच्या घरचं जेवण किंवा सरळ लवकर झोपणं बरं. ऑफिसच्या पार्टीचं आमंत्रण नाकारलं तर "एवढं काय, एक घे" म्हणणारा सहकारी त्याचा मित्र नव्हे, हे एचआरवाल्यांनी मोठ्याने म्हणायला हवं. दारूबंदी हवी की नको हा वाद गडचिरोली आणि चंद्रपूरच्या निमित्ताने आपण पुष्कळ घातला. त्याचं उत्तर काहीही असो, आज सोडू पाहणाऱ्याला आज उपचार हवेत. केंद्र सरकार आणि एम्सच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचं आढळलं, आणि १८० मागे एकाला भरती होऊन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था आजारांत मोडतात, तरी मेडिक्लेमच्या पॉलिसीत व्यसनाचे उपचार वगळल्याचं कलम सर्रास छापलेलं असतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे, पण ती किती जणांना ठाऊक आहे?

वर्षामागून वर्षं राज्य सरकार डिसेंबरात आदेश काढतं, आणि २४, २५ व ३१ तारखेला बार-परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडे राहतात. माझी मागणी अशी आहे की त्याच आदेशात आणखी एक परिच्छेद असावा: १ ते १० जानेवारी या दिवसांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दारू सोडणाऱ्यांसाठी राखीव खाटा, थायमिन आणि थरथर-फिटवरच्या औषधांचा साठा, मानसोपचार तज्ज्ञाची रोज ड्युटी, आणि परमिट रूमच्या दारावर १४४४६ चा फलक. पहाटे पाचपर्यंतच्या बंदोबस्ताला पोलिसांच्या ड्युट्या लावता येतात, तर दोन तारखेला फिट येऊन आलेल्या माणसासाठी डॉक्टरची ड्युटीही लावता येईल. हे निवेदन दिवाळीनंतर लगेच जिल्हाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जायला हवं, आणि त्यावर आमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या आधी ज्या घरांनी जानेवारीचा पहिला आठवडा भोगला आहे त्या बायका-आयांच्या सह्या हव्यात.